दरवाजा दिसतो, पूल दिसत नाही

छत्रपती संभाजीनगरात अधूनमधून उफाळून येणारा एक वाद आहे, आणि तो दर वेळी दोन्ही बाजूंनी चुकीच्या टोकाला धरला जातो. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, मकाई दरवाजा आणि बारापुल्ला या खाम नदीवरच्या तीन जुन्या पुलांवर लोकांना फोटो काढू द्यावेत की नाही, असा तो वाद. एका बाजूचे म्हणणे असे की, प्री-वेडिंग शूटसाठी येणारी जोडपी, रील करणारी मुले आणि त्यांच्यामागे रिफ्लेक्टर धरून धावणारे मदतनीस यांनी वारशाचा तमाशा करून टाकला आहे, रहदारी अडवली आहे आणि आता बंदीशिवाय इलाज नाही. दुसरी बाजू म्हणते की, ही शहराची फुकटात होणारी जाहिरात आहे, तरुणांना अडवाल तर पर्यटन वाढणार कसे? पहिल्या बाजूला पुलासमोर कोण उभे आहे याची चिंता आहे, दुसऱ्या बाजूला तो फोटो किती जणांनी पाहिला याची. स्वतः पुलाविषयी दोघांच्याही बोलण्यात एक वाक्य सापडत नाही. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. या पुलांवर फोटोबंदी नको, फोटोसाठी शुल्कही नको. उलट या पुलांचे आजवर फार कमी फोटो निघाले आहेत. जे हजारो निघतात ते पुलाचे नसतात, आणि खरी तक्रार व्हायला हवी ती याची.

जटवाड्याच्या डोंगरांकडून येणारी खाम जुन्या शहराच्या पश्चिमेला कवेत घेऊन पुढे गोदावरीकडे जाते. मोगल काळात शहराला तटबंदी झाली तेव्हा या बाजूला नदी हाच नैसर्गिक खंदक होता. त्यामुळे इथे दरवाजा उभारायचा तर पूल ओघानेच आला, आणि या तिन्ही ठिकाणी दरवाजा आणि पूल ही दोन बांधकामे नसून एकाच बांधकामाची दोन अंगे आहेत. खाम ओलांडल्याशिवाय जुन्या शहरातून बेगमपुऱ्याला, बीबी का मकबऱ्याला, विद्यापीठाला किंवा छावणीला जाता येत नाही. शहराला आपण 'बावन्न दरवाज्यांचे शहर' म्हणतो, पण त्यांतले बहुतेक दरवाजे रस्तारुंदीत, पडझडीत किंवा नुसत्या दुर्लक्षात गेले. जे थोडे राहिले, त्यांत हे तीन अजूनही आपले मूळचे काम करतात, म्हणजे माणसांना नदीपार नेतात. भडकल दरवाज्याला आज आपण वळसा घालून जातो. महमूद दरवाज्याच्या पोटातून जातो. शहरातल्या इतर वास्तूंहून या पुलांची गोष्ट वेगळी आहे ती इथे. ते पाहण्यासाठी जावे लागत नाही, कारण आपण रोज त्यांच्यावरच असतो.

आणि तरीही आपण त्यांना पूल म्हणत नाही. रिक्षावाल्याला आपण 'मकाई गेट' सांगतो, 'महमूद गेट' सांगतो. तिघांपैकी एकट्या बारापुल्ल्याच्या नावात पूल शिल्लक आहे, आणि त्यालाही आपण 'गेट' जोडून 'बारापुल्ला गेट' करून टाकले आहे. भाषेतून वस्तू नाहीशी होते ती अशीच, कोणी ठरवून केल्याशिवाय. दिल्लीत याच नावाचा एक मोगलकालीन पूल आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने त्याच नाल्याच्या मार्गाने उड्डाणरस्ता बांधला गेला आणि त्याला जुन्या पुलाचे नाव मिळाले. आज दिल्लीत कोणी 'बारापुला' म्हटले की, ऐकणाऱ्याला उड्डाणपूल आठवतो. ज्याच्यावरून ते नाव आले तो दगडी पूल कितीकांनी पाहिला असेल? आपल्याकडेही या तीन पुलांना समांतर पूल हवेत ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती रास्त आहे. पण पर्यायी पूल मिळाल्यावर जुन्याचे काय होते, हे दिल्लीकडे पाहून आधीच समजून घेतलेले बरे.

आता बंदी मागणाऱ्यांच्या बाजूने जे बळकट आहे ते मान्य करतो, कारण त्यांची थट्टा करून वाद जिंकण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा जिवाचा आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार माणसे गेली. पूल धोकादायक असल्याचे माहीत होते, आणि पावसाळी पाणी पाहायला, फोटो काढायला आलेली माणसे त्यावर दाटीने उभी होती. त्याआधी ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला, तेथे तर शंभराहून अधिक बळी गेले. चालत जाणारी माणसे पुलावर विखुरलेली असतात, पण थांबलेल्या गर्दीचे वजन एका जागी साचते. फोटो काढणारा माणूस थांबतो, आणि एक थांबला की त्याच्याभोवती दहा थांबतात. दुसरा मुद्दा रहदारीचा. या दरवाज्यांच्या कमानी हत्ती-घोडे आणि पालख्यांसाठी बांधलेल्या आहेत. तेथे समोरासमोर दोन रिक्षा आल्या तरी एकीला मागे सरकावे लागते. अशा ठिकाणी सकाळी विद्यापीठाच्या वेळेला कोणी लेहेंग्याचा घेर पसरून उभे राहिले, तर पाठीमागे अडकलेल्या विद्यार्थ्याचा संताप मला पूर्णपणे समजतो. तिसरा मुद्दा मर्यादेचा. पाणचक्कीला बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. तेथे दुवा मागायला आलेल्या माणसाच्या कानावर स्पीकरवरचे नाचगाणे पडावे का? बेगमपुऱ्यातल्या घरांच्या खिडक्यांपुढे कोणी ड्रोन फिरवावा का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे.

पण या तिन्ही मुद्द्यांत आक्षेप आहे तो गर्दीला, खोळंब्याला, आवाजाला आणि डोकावण्याला. कॅमेरा काढून घेतला तरी हे चारही उपद्रव राहतात. पूल गर्दीने पडेल अशी भीती असेल, तर त्याची तपासणी करून किती भार चालेल ते ठरवावे लागेल, आणि मग तो नियम सगळ्यांना लागेल. ज्या पुलावरून दिवसभर मालाचे टेम्पो जातात, त्याला पन्नास किलोच्या नवरीचे ओझे होते, हा युक्तिवाद कोणत्या अभियंत्याने मान्य केला आहे? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि एसटीच्या गाड्या माणसांसह वाहून गेल्या, तेव्हा त्या पुलावर कोणी फोटो काढत नव्हते. त्या दुर्घटनेनंतर राज्यभर जुन्या पुलांची चर्चा झाली, आमच्या खामवरच्या पुलांचीही झाली. आणि तेव्हाही प्रश्न वाहनांचा, पायाचा आणि देखभालीचाच होता. कुंडमळ्याचा धडा 'फोटो काढू नका' असा नाही. जो पूल वापरायोग्य नाही तो खरोखर बंद करा, नुसती पाटी लावून मोकळे होऊ नका, असा तो आहे.

बंदी कधी योग्य असते, याचे उदाहरण शोधायला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. जुलै २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपल्या संरक्षित स्मारकांत फोटो काढण्यावरची जुनी बंधने उठवली, तेव्हा देशभरात अपवाद म्हणून ठेवलेली ठिकाणे तीन होती: ताजमहालातली मुख्य कबर, लेहचा राजवाडा आणि अजिंठा. अजिंठ्यातले रंग प्रकाशाने आणि माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने खरोखरच झिजतात. तेथे बंधन आहे ते वस्तूच्या प्रकृतीकडे पाहून, पाहणाऱ्याच्या अभिरुचीकडे पाहून नव्हे. हाच निकष खामच्या पुलांना लावू या. चुन्यात बसवलेल्या काळ्या दगडाला फोटोने काय होते? काहीही नाही. त्याला बाधते ती सांध्यांत रुजलेली पिंपळाची मुळी, पायाखालून माती खरवडून नेणारा प्रवाह, एकावर एक चढत गेलेले डांबराचे थर, कमानीला घासून जाणारी उंच वाहने, कठड्यात ठोकलेले जाहिरातींचे खिळे, आणि हो, काही शूटवाले सोडतात तो रंगीत धूर. तेव्हा खिळ्याला बंदी घाला, धुराला घाला, गर्दीच्या वेळी तिपाई लावण्याला घाला, परवानगीशिवायच्या ड्रोनला तर घालाच. ही सगळी कृत्ये आहेत, त्यांची व्याख्या करता येते आणि त्यांवर दंड करता येतो. 'उथळ फोटो' याची व्याख्या कोण करणार? चौकीवरचा हवालदार?

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे पुलाच्या फोटोविषयी एक जुनी धास्ती आहे. रेल्वेच्या, धरणाच्या, मोठ्या पुलांच्या तोंडाशी 'छायाचित्रणास मनाई' अशी पाटी पाहत आपण मोठे झालो. तिच्या मुळाशी आहे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा, ज्यात केंद्र सरकारने अधिसूचना काढून एखादा रस्ता, लोहमार्ग किंवा त्यावरचे बांधकाम 'निषिद्ध ठिकाण' ठरवण्याची तरतूद आहे. साम्राज्याला आपल्या पुलांची काळजी होती, कारण त्यावरून त्याचे सैन्य जायचे. दुसरीकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने स्पष्टच म्हटले आहे की, वास्तूचे चित्र काढणे किंवा छायाचित्र घेणे हा प्रताधिकाराचा भंग नाही. म्हणजे वास्तू कोणाचीही असो, तिचे दृश्य सर्वांचे. या दोन कायद्यांतली कोणती वृत्ती खामवरच्या तीनशे वर्षांच्या पुलाला शोभते, हे ठरवायला फार विचार करावा लागू नये.

शुल्काची सूचना करणारे अधिक मवाळ आहेत, म्हणून अधिक फसवे. ते म्हणतात, बंदी नको, पण पैसे घ्या आणि त्यातून डागडुजी करा. चित्रपट किंवा जाहिरातीचे मोठे युनिट तासन्‌तास रस्ता अडवणार असेल, तर त्याच्याकडून जरूर घ्यावेत. ते रस्त्याच्या वापराचे भाडे आहे. पण सरसकट शुल्क लावले की, लग्नाच्या खर्चात आणखी हजार रुपये मिसळणारे जोडपे निर्धास्त येईल आणि वास्तुशास्त्र शिकणारी, वहीत कमानीची मापे घेणारी मुलगी मागे फिरेल. म्हणजे ज्यांच्यामुळे तक्रार सुरू झाली त्यांना परवाना, आणि ज्यांची पुलाला गरज आहे त्यांना अटकाव. वसूल झालेला पैसा त्याच पुलाच्या सांध्यांत जाईल, असा भरवसा ज्यांना असेल त्यांनी आपल्या वॉर्डातला रस्ता एकदा पाहावा.

इथवर सोपे होते. बंदीवाल्यांचा एक आक्षेप मात्र असा आहे की, तो मला झोपू देत नाही. ते म्हणतात, या फोटोंनी पुलाचा निव्वळ पडदा केला आहे. पूर्वी गुलमंडी-पैठण गेटच्या बाजूला फोटो काढायला गेले की, स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा. त्यावर बाग, कारंजे, जिना, कमान. लोक त्या खोट्या कमानीपुढे खुर्ची टाकून बसायचे. आता लोक खऱ्या कमानीपुढे येतात, पण तिच्याशी त्यांचा संबंध त्या पडद्याइतकाच. हे खोटे नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की, पडदा तरी फोटोत स्पष्ट यायचा. आजच्या फोनमध्ये 'पोर्ट्रेट मोड' नावाची सोय आहे. तिचे कामच मुळी माणूस ठळक करून पाठीमागचे सगळे धूसर करणे. म्हणजे तीनशे वर्षांच्या कमानीपर्यंत तासभर प्रवास करून यायचे आणि मग बटण दाबून ती कमान पुसून टाकायची! व्यावसायिक छायाचित्रकारही मोठ्या भिंगाने तेच करतो, आणि उरलेल्या विजेच्या तारा, नदीतले गाळपाणी, कठड्यावरचा कचरा नंतर संगणकावर काढतो. शिवाय सगळे फोटो रस्त्यावरून, दरवाज्याच्या तोंडाशी उभे राहून. त्या कोनातून पुलाची कमान दिसतच नाही, कारण आपण तिच्या डोक्यावर उभे असतो. भाषेने पूल खाल्ला आणि दरवाजा ठेवला, असे मी वर म्हटले. कॅमेऱ्याने तेच केले आहे.

तरीही या आक्षेपाचे उत्तर बंदी हे नाही. का, ते एका फोटोने सांगतो. माझे वडील १९६० च्या दशकात इथल्या मिलिंद महाविद्यालयात शिकत होते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून किती पोरे त्या पुलावरून नेली, याची मोजदाद नाही. शहरातून नागसेनवनाकडे, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसराकडे, जाणाऱ्याला बारापुल्ला हा रोजचा रस्ता. वडिलांचा त्या काळातला एकच फोटो घरात आहे. कोणाचा तरी उसना कॅमेरा, तीन मित्र, एक सायकल, नवे इस्तरीचे शर्ट. गावी पाठवण्यासाठी, आपण शहरात नीट आहोत हे आईला कळावे म्हणून काढलेला. आजच्या भाषेत त्याला कोणीही 'शो-बाजी' म्हटले असते. पण ते तिघे नदीच्या पात्रात उतरून उभे आहेत, आणि साध्या कॅमेऱ्याला धूसर करता येत नसल्यामुळे त्यांच्या मागे दोन कमानी दगडासकट आल्या आहेत. कमानींखाली पाणी आहे. वाहते, उथळ, स्वच्छ पाणी; डाव्या कडेला धुणे आपटणारी एक बाई अर्धी फोटोत आली आहे. खामला धुणे धुण्याजोगे पाणी होते, हे मी कोणत्याही अहवालावरून सांगितले असते तरी माझ्या मुलाला पटले नसते. तो फोटो पाहून त्याने आजोबांबद्दल विचारले नाही, विचारले ते हे, की हा आपलाच नाला का?

फोटो काढणाऱ्याच्या हेतूवरून फोटोची किंमत ठरत नाही. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे जी गर्दी लोटते, तिच्यात फोटो न काढणारा माणूस विरळा. १९९४ मध्ये त्या दिवशी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्या नावासाठी माणसांनी घरे जळताना पाहिली, जीव गमावले. मुलाला खांद्यावर घेऊन त्या कमानीपुढे उभा राहिलेला बाप 'उथळ' फोटो काढतो आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का? मग तोच बाप परतीच्या वाटेवर मकाई दरवाज्याशी थांबून आणखी एक फोटो काढतो, तेव्हा तो अचानक उथळ कसा होतो? स्थानिक संस्कृती म्हणतात ती यापेक्षा वेगळी कुठे असते? ती वास्तूत नसते, वास्तूपुढे उभे राहावेसे वाटण्यात असते.

अजिंठ्याकडे पुन्हा एकदा वळतो. मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे त्या डोंगरात घालवून मोठमोठी तैलचित्रे केली, ती लंडनला गेली, आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिल यांनी मात्र कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे रंगहीन होती, चित्रांच्या मानाने दुय्यम समजली गेली, पण ती छापली गेली, अनेक हातांत गेली आणि म्हणून टिकली. एकाच जागी ठेवलेली मौल्यवान प्रत एका आगीत कायमची जाते. नंतर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भाग प्रसिद्ध केले, तेही छायाचित्रांच्या आधारे. कोणता रंग कधी उडाला, कोणत्या आकृतीचा हात कधी गळाला, हे आज अभ्यासकाला सांगता येते ते अशा कामांमुळे. आणि याच निजामी मुलखात निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ, दौलताबाद आणि मकबऱ्याचे फोटो घेतले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला मकबरा आपण पाहू शकतो. पण दरबारच्या छायाचित्रकाराला मकबरा दिसतो. नदीवरचा पूल कोण दाखवणार? तो ज्यांच्या पायाखाली रोज असतो, त्यांनीच.

उलट उदाहरण अधिक दुखरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीची, जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे बावन्न गावे नव्या जागी, सरळ रेषांच्या रस्त्यांवर वसली. त्या भूकंपाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत: ढिगारे, लष्कराचे जवान, चितांच्या रांगा. पण उभी असताना ती गावे कशी दिसत होती? वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताला काय होते, चावडीपुढचा पार केवढा होता, याचे फोटो किती आहेत? सण, लग्न, शाळेचा गट अशा निमित्ताने काढलेल्या, कोणाच्या तरी ट्रंकेत राहिलेल्या 'उथळ' फोटोंच्या कडेला जेवढे गाव आले असेल तेवढेच. आपण वास्तू पडल्यावर तिचा फोटो काढणारा समाज आहोत. खामवरचा पूल पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे जितके फोटो निघतील तितके गेल्या शंभर वर्षांत निघालेले नसतील.

यावर एक खवचट पण योग्य प्रश्न येतो: फोटोंनी कधी काही वाचले आहे का? पाडलेल्या दरवाज्यांचेही फोटो होतेच की. मान्य. फोटो बुलडोझरपुढे आडवा पडत नाही. परंतु तो एक काम करतो, जे दुसऱ्या कशाने होत नाही: आधी काय होते, हे तो निर्विवादपणे सांगतो. 'स्मार्ट सिटी'च्या निमित्ताने शहरातल्या काही दरवाज्यांची डागडुजी झाली आणि ते चांगलेच झाले. अशा प्रत्येक कामात चुन्याच्या जागी सिमेंट आले का, मूळचा घडीव दगड तसाच राहिला का, कठड्याची उंची बदलली का, हे प्रश्न नागरिकाने विचारायचे तर त्याच्या हातात कामाआधीचा स्पष्ट फोटो लागतो. नाहीतर कंत्राटदार म्हणेल 'पूर्वीपासून असेच होते', आणि आपण मान डोलावू. पुलाच्या बाबतीत तर हे आणखी खरे, कारण पुलाचे दुखणे वर दिसत नाही. कमानीच्या कळीच्या दगडाशी गेलेली भेग, खांबाच्या बुडाशी पुराने केलेली पोकळी, पोटातून झिरपलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ हे सारे खालून दिसते. पावसाळा सरल्यावर दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेने, सांध्याशेजारी मोजपट्टी धरून घेतलेले चार फोटो दहा वर्षांनी शेजारी ठेवले, तर भेग वाढते आहे की थांबली आहे हे अभियंता न होताही सांगता येईल. फोनमधल्या फोटोत तारीख आपोआप नोंदते, जागाही नोंदवता येते. गिल यांना ज्यासाठी तिपाई, काचा आणि रसायने डोंगर चढवून न्यावी लागली, ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे आणि आपण त्याने मागचे धूसर करत आहोत.

हैदराबादेत मुसी नदीवर १५७८ मध्ये बांधलेला पुरानापूल आहे. वाहनांसाठी दुसरा पूल झाला, आणि जुन्या पुलावर भाजीवाले बसले. वारसाप्रेमींना ते दृश्य खुपते. मला ते समांतर पुलानंतरच्या नियतींपैकी बरे वाटते, कारण पूल निदान माणसांच्या पायांखाली राहिला. आमच्या तीन पुलांवरून उद्या वाहने गेली, तर त्यांच्यावर काय असावे? भाजीवाले चालतील, सकाळी फिरणारे म्हातारे चालतील, अभ्यासाच्या वह्या घेऊन कठड्यावर बसलेली पोरे चालतील, आणि लेहेंग्यातली नवरीही चालेल. कुलूप लावलेले लोखंडी फाटक आणि 'फोटो काढण्यास सक्त मनाई' ही पाटी तेवढी चालणार नाही.

बंदी मागणाऱ्यांना आणि जाहिरात मागणाऱ्यांना मिळून एखादी मागणी महापालिकेकडे करायची असेल, तर माझ्याकडे एक आहे, आणि ती खर्चाने लहान आहे. गेल्या हिवाळ्यात वडिलांचा तो फोटो घेऊन मी बारापुल्ल्याशी गेलो होतो. ते तिघे ज्या जागी उभे होते ती शोधायची होती. वरून कमानी मोजता येईनात, आणि खाली उतरायला नीट वाट मिळेना. झुडपे, राडारोडा, उतारावर फेकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. खामच्या पुनरुज्जीवनाचे काम काही टप्प्यांत झाले आहे आणि तेथे नदीकाठ माणसात आल्यासारखा दिसतो; पण या पुलांच्या पोटाशी सामान्य माणसाने जावे, अशी सोय कोणी मनात आणलेली दिसली नाही. शेवटी एका गॅरेजवाल्याने त्याच्या मागच्या बाजूने वाट दाखवली आणि चप्पल हातात घ्यायला सांगितली. खाली गेल्यावर पहिल्यांदा तो पूल, पूल म्हणून दिसला. तेव्हा मागणी एवढीच: तिन्ही पुलांच्या एका अंगाला, पाण्यापर्यंत, दहा-बारा दगडी पायऱ्या.